वर्तणूक : चांगली

जून-जुलै म्हणजे आमच्या मराठवाड्यात पेरणीचा आणि गुणगौरवाचा हंगाम. अंबाजोगाईपासून लातूरपर्यंत कुठल्याही चौकात थांबा, फ्लेक्सच्या तळाला दहावीच्या लेकरांचे पासपोर्ट फोटो आणि वर त्यांच्या तिप्पट आकाराचे नेत्यांचे चेहरे. समाजाचा सत्कार वेगळा, पतसंस्थेचा वेगळा, क्लासवाल्यांचा वेगळा. एकच पोरगी चार ठिकाणी शाल-श्रीफळ घेऊन घरी येते आणि तिची आई नारळांचं काय करायचं या विचारात पडते.

आधीच सांगतो, मार्कांचं कौतुक व्हावं या मताचा मी आहे. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. लातूर, नांदेड, धाराशिव एवढे तीनच जिल्हे. त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे जास्त मार्कांचे पाचच विषय धरणं आहे, चित्रकला-खेळाचे वाढीव गुण आहेत, सगळं मान्य. पण ते नियम पुण्या-मुंबईलाही लागू आहेतच की! दुष्काळी भागातल्या बापानं लातुरात भाड्याची खोली करून लेकरू शिकवलं, तर त्या लेकराच्या गळ्यात हार पडलाच पाहिजे.

माझं दुखणं वेगळं आहे. या कार्यक्रमात झाडून सगळे वक्ते सांगतात, "गुणांबरोबर संस्कारही महत्त्वाचे." आणि भाषण संपलं की टक्केवारीची यादी बघून ट्रॉफ्या वाटतात.

संस्कारांची नोंद आम्ही शाळावाले तरी कुठं ठेवतो? घरात जुना टीसी असेल तर काढून बघा. त्यात वर्तणुकीचा एक रकाना असतो आणि त्यात 'चांगली' लिहिलेलं असतं. कर्कटकानं बाकावर नाव कोरणाऱ्याची चांगली, दुसऱ्याचा दात पाडणाऱ्याची चांगली, आणि खरोखर चांगल्या लेकराचीही चांगलीच. पोराच्या कागदावर जन्माचा डाग नको म्हणून आम्ही तसं लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात गुणी लेकरूही दिसेनासं होतं.

आठवीपर्यंत तर २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. शिक्षकानं प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करायची. कल्पना लाखमोलाची. पण सत्र संपत आलं की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ येते. 'इतरांना मदत करतो', 'वडीलधाऱ्यांचा आदर करतो', 'नीटनेटका राहतो'. हजेरीपटाच्या क्रमानं वाटून टाकायच्या, की झालं मूल्यमापन.

उरला 'आदर्श विद्यार्थी' पुरस्कार. तो एक तर पहिल्या नंबरालाच जातो, नाहीतर संस्थाचालकांच्या भाच्याला. तिसरा उमेदवार म्हणजे वर्गात कधीच तोंड न उघडणारं पोरगं. आपल्याकडं गप्प बसणाऱ्याला गुणी म्हणायची रीतच आहे. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली पोरं 'वंदे मातरम्' म्हणायला लागली, बंदी घातली तरी ऐकेनात. निजामाच्या राजवटीनं त्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांच्या वर्तणुकीच्या रकान्यात तेव्हा काय लिहिलं गेलं असेल? आज सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याखाली आपण त्यांच्याच गोष्टी सांगतो आणि त्याच कार्यक्रमात सांगितलेलं निमूट ऐकणाऱ्याला आदर्श विद्यार्थी ठरवतो.

माझ्या वर्गातली एक मॉनिटर. मी ऑफिसात गेलो की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तिचं. एकदा परत येऊन बघतो तर यादीत तिसरं नाव तिचं स्वतःचं. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "सर, मी गप्प बसा गप्प बसा म्हणत होते, मग आमच्या दोघींचं बोलणंच लागलं."

आणि सातवीतला एक मुलगा. दिवाळी झाली की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आईबापांना जावंच लागतं. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, बाकीची आईबापांबरोबर फडात. तसाच या मुलाचा बाकावरचा शेजारी गेला. याच्या आजोबांचं दुकान, तिथल्या बिलबुकातला कार्बन पेपर यानं पळवला आणि गणित दोन प्रतींत उतरवायला लागला. बोटं निळी, खालची प्रत पुसट, अपूर्णांकाच्या रेघा तेवढ्या ठळक. म्हटलं, "काहून रे, वहीची झेरॉक्स काढून ठेव ना." तर म्हणतो, "सर, झेरॉक्सला पैसे पडतेत. अन् त्याला माझंच अक्षर लागतं, दुसऱ्याचं कळत नाही." याला स्वतःला पन्नास-पंचावन्न टक्के. कुठल्याच यादीत बसत नाही.

मग चांगुलपणालाही ट्रॉफी लावायची का? नको. सापडलेली वस्तू जमा करणाऱ्याचं नाव परिपाठात घ्यायचं, असं आम्ही एकदा ठरवलं. आठवडाभर प्रामाणिकपणाला ऊत आला. पोरं स्वतःचेच पेन 'सापडला' म्हणून आणून द्यायला लागली! एकानं तर धाकट्या बहिणीचा कंपास जमा केला, ती रडत ऑफिसात आली तेव्हा कळलं. बक्षिसासाठी केलेली चांगली वागणूक ही अशी असते.

तेव्हा नंबर नको, शिल्ड नको. जे घडलं ते घडलं तसं लिहावं. प्रगतिपुस्तकात 'मदत करतो' असं न लिहिता 'मित्र तोडीला गेला, त्याच्यासाठी कार्बन लावून गणिताची वही उतरवली' एवढं लिहायला मिनिटसुद्धा लागत नाही. मी तसंच लिहितो. पालक ते मोठ्यानं वाचून घेतात, टक्क्यांचा आकडा मग विचारतात. शिक्षकाला सगळं दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा पोरांना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारावं. ताट कोण धुतं आणि पहिलीतल्या लेकराला रांगेत कोण ढकलतं, हे मावशींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आणि गुणगौरव करणाऱ्या मंडळांना एक सांगणं. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा पास होऊन वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती मिळवणारी गरिबाघरची पोरं तुमच्या फ्लेक्सवर का नसतात? त्यांना बोलवा. आणि ट्रॉफ्यांचे पैसे उरले, तर आमच्या शाळेला एक झेरॉक्स मशीन घेऊन द्या. त्यावर तुमचा फोटो चिकटवा, आमची काही हरकत नाही.