खोबरेल तेल डोक्याला लावा, मोल्डला नको

‘मोल्ड रिलीजवर पैसे काहून उधळता?’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फायबरवाल्यांच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मोल्ड रिलीज म्हणजे पार्ट मोल्डला, म्हणजे साच्याला, चिकटू नये म्हणून आधी लावायचं वॅक्स किंवा तसलं काही. त्याऐवजी कार्बन फायबरचा पार्ट मोल्डमधून ‘झटक्यात’ सोडवायचे घरगुती उपाय त्यात आहेत. कॉलेजच्या रेसिंग टीमसाठी गाडीचं नाक बनवणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “मामा, वॅक्स संपलंय. यातलं काही चालेल का?” नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फायबरची धूळ खाण्यात माझी उमर गेली, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

मेसेजचा पहिला उपाय: डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे मोल्डवर मारा, पार्ट आरशासारखा निघेल.

निघतो. घात तिथेच आहे. सिलिकॉन नुसता मोल्डवर राहत नाही, पार्टसोबतही बाहेर येतो. उन्हात धरलं तर पार्ट चकाचक दिसतो, हाताला काही लागत नाही. मग त्यावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक रंग, मारा. मिनिटभरात रंग जागोजागी मागे सरकतो आणि मधोमध माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पोट्टे वैतागून तिथेच पेपर घासतात. त्याने सिलिकॉन जात नाही, पसरतो आणि ओरखड्यांत जाऊन बसतो. घासायच्या आधी पुसायचं असतं: एक फडकं सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं, दुसरं कोरडं, आणि पहिल्याचा ओलावा उडायच्या आत दुसरं फिरवायचं. एकाच फडक्याने पुसत बसलात तर घाण नुसती इकडची तिकडे होते.

रंगाचं एकवेळ सोडा. नाकाला ब्रॅकेट चिकटवायचे असतात. सिलिकॉनच्या पृष्ठावर इपॉक्सी अधेसिव्ह धरत नाही. जोड उघडतो तेव्हा सगळं अधेसिव्ह ब्रॅकेटवर दिसतं आणि कार्बनची बाजू कोरी करकरीत. धावत्या गाडीत हे कोणाला हवंय? शिवाय स्प्रेचा फवारा उडून मोल्डच्या फ्लँजवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, बसला की व्हॅक्यूम बॅगची (हवा ओढून पार्ट दाबणाऱ्या पिशवीची) टेप तिथे धरत नाही. मग लीक शोधत रात्र काढा. त्याच शेडमध्ये कोणी रंगकाम करत असेल तर त्याचंही वाटोळं.

“भांड्याच्या साबणाने धुतलं की सगळं जातं,” असंही पुढे लिहिलंय. जातं का, ते तपासायची रीत ठरलेली आहे. एएसटीएम एफ २२ नावाचं मानक आहे, पाण्याची चाचणी. पृष्ठावर पाणी सोडा. सलग पातळ पडदा टिकला तर स्वच्छ. पडदा फाटून पाणी थेंबाथेंबात गोळा झालं तर तेलकट थर अजून बसलेला आहे. पार्ट साबणाने धुवा, अधेसिव्ह लावायची जागा घासा, मग हे करून बघा. खर्च मगभर पाण्याचा. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं केलं असतं तर मेसेज लिहिलाच नसता.

दुसरा उपाय खोबरेल तेल. बाप्पा! हे तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, डिसेंबरात आपल्याकडे बाटली उन्हात ठेवावी लागते. जानेवारीत मोल्डवर त्याचे गोळे, मेमध्ये ते ओघळून तळाशी. रेझीन, म्हणजे फायबरला धरून पक्कं होणारं द्रव, तेलावरून मागे सरतं आणि पार्टचं तोंड चिकट, खड्ड्याखड्ड्यांचं निघतं.

“वॅक्स जितकं जाड तितकं बरं, पुसू नका.” उलट आहे. नव्या मोल्डला बरेच हात लागतात हे खरं, पण प्रत्येक हात पातळ. धुरकट दिसू लागला की बफ करायचा आणि सॉल्व्हंट उडायला तासभर द्यायचा. जाड ठेवलेलं वॅक्स पार्टवर उतरतं, उरलेलं मोल्डवर पिवळट थर धरतं. कार्नोबा वॅक्स ८२ ते ८६ अंशांना वितळतं. १२० अंशांचा प्रीप्रेग (रेझीन आधीच भरलेलं, तापवून पक्कं करायचं कापड) असेल तर ते विसरा, तिथे सेमी-परमनंट रिलीज लागतो, एकदा लावला की बरेच पार्ट काढणारा.

“फरशीचं मेणाचं पॉलिश चालतं.” बरं, हे मान्य. सिलिकॉन नसलेलं, घट्ट मेणाचं असेल तर साध्या पार्टला चालतं. डब्यावर सिलिकॉनबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

“पीव्हीए असेल तर वॅक्स नको.” पीव्हीए म्हणजे वाळून पातळ पापुद्रा धरणारा द्रव, तो वॅक्सवर मारायचा असतो. नव्या मोल्डच्या पहिल्या पार्टांना दोन्ही वापरा. आपल्या मेमध्ये स्प्रे गन लांब धरली तर तो हवेतच वाळून भुकटीसारखा पडतो. पावसाळ्यात वाळायचं नाव घेत नाही. नीट वाळू द्या, घाई नको.

आता शेवटचा उपाय. तो वाचून मी भाच्याला तडक फोन लावला. “पार्ट अडकलाच तर फटीत ॲसिटोन ओता आणि हीटगनने तापवा.” ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असते आणि मोल्डच्या खोलगटात साचून राहते. त्यावर लालबुंद कॉइलची हीटगन? वर बंद शेड? आणि हे सगळं करून मिळतं काय, तर काहीच नाही, कारण पार्टचं पक्कं झालेलं इपॉक्सी रेझीन ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही. निघतं ते तुमचं वॅक्स.

तापवण्यात अर्धं खरं आहे, तेही फक्त ॲल्युमिनियमच्या खोलगट मोल्डपुरतं. ॲल्युमिनियम तापून पसरतं, कार्बन जवळजवळ पसरत नाही, म्हणून पकड ढिली होते. त्यालाही गरम पाणी पुरतं. भाच्याचा मोल्ड फायबरग्लासचा. तो तापवला तर जेलकोट, म्हणजे मोल्डचा वरचा गुळगुळीत थर, मऊ पडेल. त्याने प्लास्टिकच्या पाचरी चारही बाजूंनी थोड्याथोड्या सरकवायच्या आणि फटीत कॉम्प्रेसरची हवा द्यायची. स्क्रूड्रायव्हर लांब ठेवायचा.

एका गोष्टीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही: उतार, म्हणजे पार्ट सहज निघावा म्हणून भिंतींना दिलेला कल. त्याच्या नाकाच्या बाजूच्या भिंती सरळ ९० अंशात उभ्या आहेत. दोन-तीन अंशांचा उतार नसेल तर कुठलंही वॅक्स तो पार्ट सोडवणार नाही. डिझाइन बदलायचं नसेल तर मोल्ड दोन भागांत कर, मधे बोल्टची फ्लँज दे, आणि मगच वॅक्स आणायला जा.