हप्ता कमी करून मागणारा चोर नसतो

आज संध्याकाळी साडेसात वाजून गेले होते. अनोळखी नंबर. "मॅडम, तुमच्या ऑफिसातले अमुक अमुक..." आणि पुढे माझ्या एका सहकाऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्या पर्सनल लोनची रक्कम, किती हप्ते थकलेत, सगळं एका दमात. मी म्हटलं, हे मला का सांगताय? तर म्हणे, "तुमचा नंबर रेफरन्सला आहे. त्यांना जरा समजवा, नाहीतर ऑफिसला माणूस पाठवावा लागेल."

मी त्याची जामीनदार नाही. मी कुठल्या कागदावर सही केलेली नाही. ज्या माणसाने स्वतःहून मला एका शब्दाने सांगितलं नाही, त्याचं सगळं उघडं करून माझ्या कानात ओतलं गेलं. आणि फोनवरचा मुलगा (आवाजावरून मुलगाच होता) असा बोलत होता, जणू माझ्यावर उपकार करतोय.

त्याला विचारलं, किती वाजलेत बघ. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी बजावलंय. घरच्यांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना मध्ये ओढायचं नाही, माणसाची चारचौघांत अब्रू काढायची नाही, हेही त्यातच आहे. फोन कट.

हे नियम मला पाठ आहेत ते काही हौसेने नाही. आमच्या दादामुळे पाठ झालेत. त्याला विचारून लिहितेय, तो म्हणाला लिही, आता काय राहिलंय लपवायचं.

दादाची कंपनी बंद पडली. नवी नोकरी लागली ती जवळजवळ निम्म्या पगारावर. डोक्यावर एक पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं आणि फ्रिज-टीव्हीचं एक फुटकळ कर्ज. सगळे हप्ते मिळून महिन्याला ३१,०००. वहिनीने वही घेऊन हिशोब मांडला. भाडं, किराणा, मुलांची फी, आईची औषधं, बसचा पास. एवढं जाऊन हातात उरत होते १२,०००. कितीही उलटसुलट केलं तरी १२,०००.

आता ऐका. दादा पळाला नाही. फोन बंद केला नाही. एकही हप्ता चुकायच्या आधी तो स्वतःच्या पायाने बँकेत गेला, नवी सॅलरी स्लिप घेऊन, आणि म्हणाला, वर्षभर हप्ता कमी करून द्या, मुदत वाढवा, मी भरतो. समोरच्या साहेबांनी स्क्रीनवरची नजर न काढता उत्तर दिलं, "तुमचं खातं तर रेग्युलर आहे. रेग्युलर खात्याला आम्ही काही करू शकत नाही. थकलं की या."

थकलं की या!

म्हणजे प्रामाणिकपणे आधी सांगायला आलेल्या माणसाला सल्ला काय, तर आधी बुडव, मग बोलू. आणि थकलं की काय होतं, ते साहेबांनी सांगितलं नाही. ऑटो डेबिट पूर्ण हप्त्याचंच लागतं. खात्यात १२,००० असतील आणि हप्ता १४,०००चा असेल तर १२,००० घेऊन गप्प बसत नाही ते, सरळ बाउन्स होतं. मग बाउन्सचा दंड कर्ज देणाऱ्याचा वेगळा, खातं असलेल्या बँकेचा वेगळा. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत. त्याच्या कितीतरी आधीपासून फोन सुरू होतात.

दादाच्या वेळी फोन कुणाला गेला माहितीये? वहिनीच्या वडिलांना. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांना सांगितलं गेलं की तुमच्या जावयाने फसवणूक केलीय, पोलीस येतील. त्यांनी दादाला काही विचारलं नाही. आपली एफडी मोडून पैसे घेऊन दारात येऊन उभे राहिले. दादा त्या दिवशी पहिल्यांदा रडला, असं वहिनी म्हणते. मी तिथे नव्हते आणि बरं झालं नव्हते.

पोलीस येत नाहीत हो. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. नुसता गरीब आहे, देण्यासारखं काही नाही, म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगून टाकलंय. गुन्हा होऊ शकतो तो चेक बाउन्स झाल्यावर (कलम १३८), आणि २००७च्या पेमेंट कायद्यातल्या कलम २५ खाली ऑटो डेबिट बाउन्स झालं तरी. हे माहीत असलंच पाहिजे, म्हणून आगाऊ चेक सह्या करून देऊ नका आणि बाउन्स होणार हे दिसत असेल तर आधी लेखी कळवा. पण फोनवरचा मुलगा "वॉरंट निघालंय" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा थापा मारत असतो.

आणि एक जण तर घरी आला होता. दादा कामावर. वहिनीला म्हणाला, "पैसे नाहीत म्हणता, गळ्यात दिसतंय की." हे लिहिताना आत्ताही माझे हात थरथरतात.

त्या माणसाला कुणीतरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचायला द्या. १९०८चा कायदा आहे, इंग्रजांचा! कोर्टाने जप्तीचा हुकूम दिला तरीसुद्धा अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्त करता येत नाहीत. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हातही लावता येत नाहीत. पीएफ तर नाहीच नाही. जे कोर्टाला करता येत नाही ते हा कमिशनवर काम करणारा इसम दारात उभा राहून करू बघत होता.

बरं, आता कॉमेंटमध्ये जे येणार ते मीच लिहून टाकते. "ऐपत नव्हती तर कर्ज कशाला घेतलं?" घेतलं तेव्हा ऐपत होती. म्हणूनच बँकेने दिलं, नव्हे, फोन करकरून दिलं. "बँकेतला पैसा आमच्या ठेवींचा आहे." आहे, मान्य. "काही लोक ठरवून बुडवतात." बुडवतात, नालायक आहेत. पण ते दादासारखे सॅलरी स्लिप घेऊन आधी येत नाहीत.

मोठ्या कंपन्यांसाठी २०१६ला दिवाळखोरीचा कायदा झाला. कर्ज थकलं की सगळे धनको एका टेबलावर बसतात, किती सोडायचं ते ठरवतात. हजारो कोटी सोडतात. त्याला छान नावही आहे, हेअरकट. कुठल्या प्रवर्तकाच्या सासऱ्याला फोन गेल्याचं ऐकलंय? त्याच कायद्यात तुमच्याआमच्यासारख्या व्यक्तींसाठीही एक भाग आहे. तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता डिसेंबर २०१९ पासून लागू केला, बाकी आपण कागदावरच.

आणि लाज कसली वाटते एवढी आपल्याला? २७ मार्च २०२०ला रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. तेव्हा माझ्या मित्रयादीतल्या कितीतरी जणांनी ती घेतली, चांगल्या पगाराच्या लोकांनीसुद्धा. तेव्हा कुणी कुणाला बुडवे म्हटलं नाही. व्याज चालूच राहिलं हे नंतर कळलं तेव्हा सगळे बँकेवरच चिडले होते. मग एकट्यादुकट्यावर तीच वेळ आली की तो निर्लज्ज कसा होतो?

याहून जुनं सांगू? १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे कागद बाहेर काढून जाळले. दख्खनचा उठाव. मला जाळपोळीचं कौतुक नाही. पण चार वर्षांत, १८७९ला, सरकारला कायदा करावा लागला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही, कोर्टाने खत उकरून मूळ रक्कम किती ते तपासायचं आणि झेपतील असे हप्ते बांधून द्यायचे. फक्त चार जिल्ह्यांपुरता आणि फक्त शेतकऱ्यांसाठी, ठीक आहे. तरी झेपेल तेवढा हप्ता ही कल्पना तेव्हा परक्या सरकारलाही कळली होती. आमच्या साहेबांना मात्र "थकलं की या".

असो. फार चढला आवाज. चहा करून आले.

दादाने पुढे काय केलं ते लिहिते, कारण ते वाचून कुणाचा तरी एक महिना बरा जाईल. त्याने तोंडी बोलणं बंद केलं. वहिनीच्या वहीतलं पान जसंच्या तसं टाईप केलं. मिळकत एवढी, घरखर्च एवढा, उरतात १२,०००, देणी या चौघांची. मग ज्याचं येणं जितकं, त्या प्रमाणात त्या १२,०००चे चार वाटे. प्रत्येकाला तेच पत्र, त्यात चौघांचीही नावं आणि वाटे. तुम्हाला कमी देऊन दुसऱ्याला जास्त देतोय असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. शेवटी विनंती, दंड आणि व्याज थांबवा किंवा कमी करा, सहा महिन्यांनी पगार वाढला तर मी स्वतः वाटा वाढवीन. ईमेलने पाठवलं, शिवाय शाखेत नेऊन पोच घेतली. आणि उत्तराची वाट न बघता पहिल्याच महिन्यापासून तेवढे पैसे कर्जखात्यात भरायला लागला. एजंटच्या हातात रोख एक रुपया नाही.

वहिनीचं म्हणणं होतं, कार्डांना जास्त द्या, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज लावतात, त्यापेक्षा सावकार परवडला. गणिताने तिचं बरोबर होतं. दादाने तरी समान न्याय ठेवला, आणि मला वाटतं त्यामुळेच त्याचं पत्र खरं वाटलं. (घरकर्ज असतं तर गोष्ट वेगळी, तिथे घरच तारण असतं, तो हप्ता सगळ्यांच्या आधी.)

सगळे काही लगेच विरघळले नाहीत. पर्सनल लोनवाल्यांनी दोनदा नाही म्हटलं, मग तक्रार लेखी गेली आणि तीस दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन असं कळवल्यावर मुदत वाढवून हप्ता खाली आणला. लोकपालाकडे फी लागत नाही, वकील लागत नाही. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, ते गेलंच. एका कार्डाने थकबाकीचे हप्ते पाडून दिले. फ्रिजवाल्यांनी मुकाट्याने घेतले. दुसरं कार्ड शेवटपर्यंत "सेटलमेंट करा, सेटलमेंट करा" म्हणत राहिलं.

सेटलमेंट, म्हणजे ठरवलेली कमी रक्कम भरून कर्ज मिटवणं, वाईटच असं मी म्हणत नाही. पण एकरकमी पैसे लागतात, ते पुन्हा सासऱ्याकडूनच येणार. आणि सीबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शेरा बसतो, "क्लोज्ड" नाही. पुढे घरकर्ज मागायला गेलात की तो समोर येतो. करायचीच तर आधी कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून घ्या, मग पैसे. उलटं नाही. आणि त्या "तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो, आधी आमची फी भरा" वाल्या जाहिराती! बुडणाऱ्याच्या खिशात हात घालणारी माणसं आहेत ही. सांगतात, हप्ते बंद करा, फोन उचलू नका, आमचा वकील बघेल. फोन तुमच्या बायकोला येतात, त्यांच्या वकिलाला नाही.

हो, दादाचा सीबिल स्कोअर पडला. पडायचाच होता. अर्धा हप्ता भरला तरी बाकी थकलेलीच दिसते, तिथे प्रामाणिकपणाचा रकाना नाही. दादा म्हणतो, मला पुढची काही वर्षं कुणी कर्ज देणार नाही हे माझ्या तब्येतीला चांगलंच आहे. वहिनीला यात विनोद दिसत नाही.

ज्यांचं कर्ज मोबाईल ॲपवरचं आहे त्यांनी एक बघा. डिजिटल कर्ज देणाऱ्यांनी तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, असा नियम २०२२पासूनच आहे. लिस्टमधल्या लोकांना मेसेज जायला लागले तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहा. रडत बसू नका म्हणणं सोपं आहे, रडा हवं तर, पण स्क्रीनशॉट आधी काढा.

दादाचं ते पत्र मी नावं आणि आकडे काढून टाईप करून ठेवलंय. ज्याला हवं असेल त्याने मला मेसेज करा, मी पाठवते, काही विचारणार नाही. इथे कॉमेंटमध्ये मागू नका, तुमचे सासरेही फेसबुकवर असतात.