तीन कोटी शब्दांची भीती आणि आज्जींचं सूप

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला एक मेसेज पाठवला. खाली एवढंच विचारलं होतं, "शुक्रवारी आयांच्या बैठकीत हे वाचून दाखवू का?" वहिनी निपाणीजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याकडे येणारी निम्मी मुलं विड्या वळणाऱ्या बायकांची, उरलेली शेतमजुरांची. दोन दिवसांत तोच मेसेज चिकोडीच्या मावशीकडून आला, मग खानापूरच्या मैत्रिणीकडून. कोणी लिहिलाय, कशाच्या आधारावर लिहिलाय, काही पत्ता नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय म्हटलंय ते सांगते. गरीब, अशिक्षित घरातल्या मुलाच्या कानावर चार वर्षांत तीन कोटी शब्द कमी पडतात, हे 'अमेरिकेत सिद्ध झालंय'. तीन वर्षांनंतर मेंदूची दारं बंद होतात. म्हणून अशिक्षित आईने किंवा आजीने गावठी भाषेत बोलून मुलाची जीभ बिघडवू नये, त्यापेक्षा रोज दोन तास मोबाईलवर इंग्रजी बडबडगीतं लावावीत. सीमाभागात मराठी-कन्नड दोन्ही कानावर पडल्याने मुलं गोंधळतात, तेव्हा पाच वर्षांपर्यंत एकच भाषा ठेवावी. आणि शेवटी, मुलगे उशिराच बोलतात, चार वर्षांपर्यंत काळजी नको.

या सगळ्यातली 'अशिक्षित आईने आणि आजीने गप्प बसावं' ही सूचना वाचून माझा संताप झाला. ती पाळली गेली तर काय होतं ते मी आमच्याच गल्लीत बघितलंय.

आमच्या शेजारच्या आज्जी चाळीस वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी भिजवलेल्या पानांचं फडकं. अडीच वर्षांची नात समोर फतकल मारून बसायची आणि पानं निवडायचा खेळ करायची. एक पान उचलून म्हणायची, "ह्ये फाटकं." आज्जी हात न थांबवता म्हणायच्या, "फाटकं न्हवं गं, किडकं हाय. बघ की, भोक दिसतंय न्हवं? फाटकं म्हंजे हे असं." मग नात दुसरं पान डोळ्याला लावून भोकातून बघायची आणि ओरडायची, "आज्जी, तू दिसूलाईस!" दहा मिनिटांत फाटकं, किडकं, वाळकं, ओलं, करपलेलं, लहान, त्याहून लहान, एवढं सगळं व्हायचं. पोर चुकली की आज्जी तिला नावं ठेवायच्या नाहीत, बरोबर शब्द सांगून पान पुढे धरायच्या. बोलायला शिकवणं याहून वेगळं काय असतं? तंबाखूच्या धुळीत लेकरू बसू नये हे खरंच आहे, ते मी आज्जींनाही सांगितलंय, आणि आता जर्दा बाजूला ठेवूनच त्या पानं निवडायला घेतात. पण त्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

हाच मेसेज सूनबाईंच्या फोनवर आला. शिकलेल्या कुणीतरी लिहिलंय म्हणून त्यांनी मानलं. पंधरा दिवस नात कोपऱ्यात मोबाईल धरून बसलेली आणि आज्जी तोंड मिटून विड्या वळतायत, असं मी जाता-येता बघत होते. आज्जी मला म्हणाल्या, "माझ्या बोलण्यानं पोरीचं नुस्कान हुतंय म्हनं." चाळीस वर्षं राबून घर उभं केलेल्या बाईला तिचीच भाषा विषासारखी वाटायला लावली. हे ज्याने लिहिलं त्याला जाब विचारायला हवा.

आता त्या तीन कोटींकडे येऊ, कारण सगळी भीती त्याच आकड्यावर उभी आहे.

आकडा खोटा नाही. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या दोन अमेरिकी संशोधकांनी कॅन्सस राज्यात केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यातून तो आला. त्यांनी ४२ कुटुंबं घेतली. साधारण अडीच वर्षं, महिन्यातून एक तास, घरी जाऊन बोलणं ध्वनिमुद्रित केलं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत मुलाशी तासाला सरासरी ६१६ शब्द बोलले जात होते, नोकरदार-कामगार घरांत १२५१ आणि उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या घरांत २१५३. मूल आठवड्याला १०० तास जागं असतं असं धरून गुणाकार केला. तो तुम्हीही कागदावर करून बघा. ६१६ ला वर्षाच्या ५२०० तासांनी गुणलं की ३२ लाख येतात, २१५३ ला गुणलं की १ कोटी १२ लाख. फरक वर्षाला ८० लाखांचा, चार वर्षांत तीन कोटी वीस लाखांचा. म्हणजे कुणी तीन कोटी शब्द मोजलेले नाहीत. महिन्याच्या एका तासावरून पुढचा सगळा हिशोब मांडलेला आहे.

आणि त्या ४२ पैकी गरीब घरं किती होती? सहा. सहा घरांवरून निपाणीच्या, खानापूरच्या, अथणीच्या हजारो आयांना 'तुमचं बोलणं कमी' म्हणून सांगायचं? वर त्या घरात वही आणि रेकॉर्डर घेऊन परकं माणूस बसलेलं. आपल्याकडे आरोग्य खात्याची बाई उंबऱ्यात उभी राहिली तरी सुना पदर सावरून गप्प होतात, मग तासभर कोण मोकळं बोलणार? शिवाय त्यात मुख्यतः आईवडिलांनी मुलाला उद्देशून केलेलं बोलणं मोजलं. आजी, आत्या, चुलतभाऊ, अंगणातली भांडणं, पाण्याच्या नळावरच्या गप्पा त्यात आल्या नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाने पाच वेगवेगळ्या वस्त्यांत मुलाच्या आसपासच्या सगळ्यांचं बोलणं मोजलं, तेव्हा गरीब वस्त्या-वस्त्यांतच मोठा फरक निघाला आणि काही ठिकाणी ती दरी दिसलीच नाही.

यातलं खरं तेवढं मला मान्य करावंच लागेल. मुलाशी थेट, त्याच्याकडे बघून केलेलं बोलणं आणि कानावर नुसतं पडणारं बोलणं यांत फरक आहे, आणि पहिलंच जास्त उपयोगी पडतं. २०१३ सालच्या एका अभ्यासात स्पॅनिश बोलणारी, एकसारख्याच हलाखीतली २९ घरं घेतली होती. एका घरात मुलाशी दिवसभरात १२ हजारांवर शब्द बोलले गेले, दुसऱ्यात जेमतेम ६७०. ज्यांच्याशी जास्त बोललं गेलं त्यांचा शब्दसाठा दोन वर्षांच्या वयात मोठा निघाला. पण नीट बघा, सगळी घरं गरीबच होती. म्हणजे गरिबीने तोंड आपोआप बंद होत नाही आणि शिक्षण नसलं म्हणून बोलता येत नाही असंही नाही. हजार विड्यांचा रोज भरायचा असला की आईला मान वर करायला वेळ नसतो, खरी अडचण ती आहे. मेसेजमध्ये मजुरीचा शब्द नाही, अंगणवाडीचा नाही. सगळा दोष आईच्या जिभेवर.

तीन वर्षांनंतर दारं बंद होतात, हे तर साफ खोटं. पहिली वर्षं मोलाची आहेत, पण चौथ्या-पाचव्या वर्षी मुलं झपाट्याने शब्द उचलतात आणि पुढेही शिकत राहतात. तसं नसतं तर अंगणवाडीत तीन ते सहा वयाची मुलं कशाला घेतली असती? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वारली मुलांसाठी त्यांनी जे काम केलं, त्यातली साधनं म्हणजे बिया, शंख-शिंपले, पानं, खडे. मुलाच्या आसपास जे असेल त्यावरून बोलायचं. आज्जींची पानं याच जातीची आहेत.

'गावठी भाषेने जीभ बिघडते' यावर फार लिहीत नाही. "काय करूलाईस?" म्हणणारं मूल व्याकरण शिकलेलंच असतं, त्याच्या गावाचं. ते पक्कं झालं की त्यावर शाळेची मराठी चढते, कन्नड चढते. अर्धवट इंग्रजीत "ईट, ईट" म्हणणाऱ्या आईपेक्षा "खा की गं, थंड हुईल" म्हणणारी आई मुलाला पूर्ण वाक्य देते, कारणासकट.

दोन भाषांच्या गोंधळाचा मुद्दा मात्र आपल्या भागात जास्त नुकसान करणारा आहे. इथं घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि शेजारच्या घरात उर्दू. पोर "अक्का, नीर पायजे" म्हणालं की लोकांना वाटतं गोंधळलं. ते गोंधळलेलं नाही. अक्काला 'नीर' कळतं हे त्याला ठाऊक आहे म्हणून त्याने तो शब्द घातला. आईकडे तेच मूल पाणीच मागतं. दोन भाषांतली मुलं पहिला शब्द आणि पहिली दोन शब्दांची वाक्यं साधारण एका भाषेतल्या मुलांच्याच वयात बोलतात. त्यांचा साठा मोजताना दोन्ही भाषा धराव्या लागतात, नुसते मराठी शब्द मोजले तर तो अर्धा दिसणारच. एक गोष्ट मात्र होते. घरची भाषा अंगणवाडीत अजिबात ऐकू आली नाही तर काही मुलं तिथं आठवडेच्या आठवडे गप्प बसतात. त्यावर उपाय म्हणजे सेविकेने दोन शब्द त्याच्या भाषेत बोलावेत. वहिनी हे रोज करतात, कन्नड गाणं म्हणून झालं की तेच मराठीत हावभावांनी सांगतात. आईने घरातली भाषा बदलायची काही गरज नाही, मग ती मराठी असो, कन्नड असो की तांड्यावरची लमाणी. इथल्या भाषेच्या वादात मोठ्यांनी काय ते भांडावं, पण दोन वर्षांच्या लेकराला एक बाजू निवडायला लावू नये.

मोबाईलबद्दल एकच प्रयोग पुरे आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर माणूस बसून खेळत-बोलत होतं, काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. बारा बैठकींनंतर माणसाबरोबर खेळलेल्या बाळांनी चिनी ध्वनी ओळखले. टीव्हीवाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वयात दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. मेसेज दोन तास लावा म्हणतो.

राहिला शेवटचा मुद्दा, मुलग्यांचा. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, हे खरं. पण 'चार वर्षांपर्यंत काळजी नको' हे वाचून कुणी थांबलं तर वर्षं हातची जातील. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. सतत सर्दी आणि कान वाहणं हे आमच्याकडच्या मुलांत नेहमीचं, आणि नीट ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि पैसे घेत नाही. ते कधी येणार हे सेविकेला विचारा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

वहिनींना मी हेच सगळं सांगितलं, फोनवर, जरा चढ्या आवाजात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बायकांना आकडे सांगून काय उपयोग? तुमच्या शेजारच्या आज्जी येतील का?" मी विचारलं. आज्जी आधी नको म्हणाल्या, "मला काय बोलाय येतंय चारचौघीत?" मग नातीनेच सूप ओढत आणलं. शुक्रवारी दोघी जाणार आहेत. सूप, थोडी पानं, जर्दा नाही. त्यात एक किडकं पान असलंच पाहिजे असं नातीने बजावलंय.