जास्वंद तांबडी करताना

एका फुलापायी माझे तीन रविवार गेले. दारात कुंडीत जास्वंद आहे, नेहमीचीच, तांबडी, पाच पाकळ्यांची. त्या दिवशी पाऊस उघडला, पाकळीवर थेंब बघितले आणि माझ्यातला कलाकार उठून बसला. सगळा फोटो काळापांढरा आणि मधे तेवढं फूल रंगीत, असले फोटो बघून मला लई दिवस खाज होती, म्हणून मी कॅमेरा सरळ ब्लॅक अँड व्हाइट मोडवर टाकला, म्हटलं आधी काळंपांढरं काढू, मग फुलात रंग सोडू, हाय काय आणि नाय काय.

गाडी इथंच घसरली. खरी रीत बरोब्बर उलटी आहे. फोटो रंगीतच काढायचा, गिंप नावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याच्या एकावर एक दोन लेयर, म्हणजे थर, करायच्या, वरची ब्लॅक अँड व्हाइट करून तिला मास्क लावायचा आणि फुलावर काळा ब्रश फिरवायचा, की तेवढ्या जागी वरची लेयर आरपार होते आणि खालचा रंग दिसतो. म्हणजे रंग कुणी भरतच नाही, नुसता पडदा सारायचा असतो. माझ्या पडद्यामागं कोणच नव्हतं! जेपीईजी, म्हणजे नेहमीची फोटो फाइल, सेव्ह करतानाच कॅमेऱ्यानं रंग टाकून दिलेला. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जसंच्या तसं, ठेवली असती तर तिच्यात तो मिळाला असता, पण ती जागा खाते म्हणून मीच शहाण्यानं बंद करून ठेवलेली.

मग हातानं रंगवणं आलं. वर एक कोरी लेयर घ्यायची आणि तिचा मोड ‘कलर’ करायचा, म्हणजे उजेड-सावली खालच्या फोटोची आणि रंग आपला. सोपं वाटतंय, पण आधी फूल सापडायला पाहिजे ना. गडद तांबडं आणि गडद हिरवं, दोन्ही काळ्यापांढऱ्यात जवळजवळ एकाच राखाडीवर येतात हे मला त्या दिवशी कळलं. पाकळी कुठं संपली आणि पान कुठं लागलं, पत्ताच नाही. चारशे टक्के झूम केलं तर कडेच्या नुसत्या पायऱ्या-पायऱ्या. फुलातनं बाहेर आलेल्या त्या दांड्यावरचे परागाचे ठिपके एकेक करून पिवळे केले, मान मोडून आली, आणि तिसऱ्या रविवारी ध्यानात आलं की त्यातला एक ठिपका मुंगी आहे. पुसायला गेलो तर ती पिवळ्याची तांबडी झाली. ऱ्हाऊ दे म्हटलं, तांबड्या मुंग्या असतातच की.

आणि हे सगळं कुठं, तर कलापूर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात. याच गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घरचा घरी बनवला. आमच्या भिंतीवर आजीचा फोटो आहे, त्यावर स्टुडिओवाल्यानं कापसाच्या बोळ्यानं रंग चढवलाय, गाल गुलाबी, ओठ लाल. आजी काळीसावळी होती म्हणतात, फोटोत गोरीपान आहे. पण कडेबाहेर रंग कुठं म्हणून गेलेला नाही. माझा मात्र कंट्रोल झेड दाबून दाबून किबोर्ड खुळखुळा झाला.

शेवटी फोटो घरात दाखवला. बायको म्हणाली, “आवो, हे फूल आहे का तांबड्या रश्श्यावरचा कट?” आईनं चष्मा लावला, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आणि म्हणाली, “निर्माल्य कशाला रे काढलास?”

चूक ब्रशाची नव्हती. राखाडीच काळवंडलेली, तिच्यावर कुठलाबी तांबडा टाका, मळकटच दिसणार. पण त्या वेळी मला वाटलं रंगच चुकला, खरं फूल समोर ठेवूनच जुळवायला पाहिजे. कुंडीजवळ गेलो तर फुलं आईनं देवाला तोडून नेलेली. “एक तरी दे गं.” “आता गणपतीच्या डोक्यावरनं काढू व्हय?”

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठून एक तोडलं, ऑफिसला दांडी मारली आणि स्क्रीनला टेकवून बसलो. तांबड्यात जरा पिवळा टाक, जरा काढ, असं करता करता दिवेलागण झाली तेव्हा कुठं दोन्ही तांबडे जुळले. मी फार काही बदललं नव्हतं. फूलच मिटून, जांभळट पडून माझ्या रंगावर आलेलं.