टायपिंगच ना, साहेब?

लॅपटॉपच्या दुकानात गिऱ्हाइकाचे तीनच प्रकार असतात: गेमिंगवाले, टॅलीवाले आणि बारावी झालेल्या पोराला घेऊन आलेले आईबाप. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे यातला कोणीच नाही. नाशकातल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानात मी "डेव्हलपमेंटसाठी पाहिजे" म्हटलं, तेव्हा काउंटरवरच्या पोराने मला एकदा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "म्हणजे टायपिंगच ना, साहेब? मग हा घ्या. आठ जीबी रॅम, एकदम मक्खन."

आठ जीबीत विंडोज आणि ब्राउझर ऐसपैस बसतात. मग कोड लिहायचा एडिटर येतो, तोवर ठीक. त्यानंतर प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारा डॉकर आणि पडद्यावर नकली फोन उभा करणारा अँड्रॉइडचा इम्युलेटर आले, की रॅम संपते, मशीन एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, सामान हलवायला लागतं आणि माउस हलवला तर बाण सवडीने येतो. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्याने शांतपणे दुसरा लॅपटॉप पुढे केला. कीबोर्डखाली इंद्रधनुष्य, वजन अडीच किलो, चार्जर पाहून आधी वीट वाटली. "मग गेमिंगचा घ्या." त्यातलं महागडं ग्राफिक्स कार्ड माझ्या कामात दिवसभर जांभया देत बसलं असतं. एआयचं मॉडेल शिकवणाऱ्याला ते लागतं. मी बिलिंगची वेबसाइट बनवतो.

बरं, सल्ल्याला तोटा नाही. पुण्याचा मित्र म्हणतो, "मॅक घे, विषय संपव." २०२० साली ॲपलची एम-वन चिप आली तेव्हापासून तो याच एका वाक्यावर जगतोय. वाक्य खोटंही नाही: त्यातल्या मॅकबुक एअरला पंखाच नाही आणि बॅटरी दिवसभर पुरते. पण रॅम घेताना जेवढी घ्याल तेवढीच जन्मभर, आणि जास्तीची घ्यायची तर किंमत ऐकून आधी बसायला खुर्ची मागावी लागते. शेजारचे काका नोट प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांचं मत, "डेस्कटॉप असेंबल कर." खरं सांगायचं तर सगळ्यांत शहाणा सल्ला हाच होता. त्याच पैशात प्रोसेसरमध्ये जास्त कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे हात, मोठा पंखा, आणि बिघडेल तो पार्ट तेवढा बदलायचा. फक्त आमच्याकडे शनिवारी लाइट जाते, आणि साधा यूपीएस म्हणजे फाइल सेव्ह करून देवाचं नाव घेण्यापुरता वेळ.

आईची शंका निराळीच. बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं, चालू असताना मी चहा घेतो, हे तिने हेरलेलं. "मशीन वेगवान आलं की तुझा चहा बंद ना रे?" असं तिने इतक्या काळजीने विचारलं, की मला क्षणभर जुनंच बरं वाटलं.

शेवटी दुकानात माझ्यासोबत आले ते दिंडोरीचे मामा. द्राक्षबागेत फवारणी करायच्या ब्लोअरचा पार्ट घ्यायला नाशकात आले होते, तो मिळायला संध्याकाळ होणार होती, म्हणून माझ्या मागे. दुकानात शिरताच त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"किती एचपी?"

"एचपी आहे, लेनोवो आहे, आसुस पण आहे," पोरगा म्हणाला.

"ते नाही रे बाबा. ताकद किती?"

"आय सेव्हन आहे, काका!"

आता इथेच तर खरी ग्यानबाची मेख. इंटेलच्या लॅपटॉपांत स्टिकरवरच्या त्या सातापेक्षा नावाच्या शेपटीचं अक्षर महत्त्वाचं. यू असेल तर प्रोसेसर साधारण १५ वॉटवर चालायला बनवलेला, एच असेल तर ४५. बिल्ड पाच-दहा मिनिटं सगळे कोअर पिळून काढते. तिथे यूवाल्या सेव्हनला एचवाला फाइव्ह सहज मागे टाकतो. प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिची तर वेगळीच पोथी. रायझन ७५२०यू हे नाव २०२२ सालचं, आतले कोअर मात्र २०१९ च्या झेन-टू रचनेचे. या नावातला तिसरा आकडा ती रचना सांगतो. पहिल्या आकड्याला भुलून खिशात हात घालणाऱ्याला हे कोण सांगणार?

मी मामांना वॉट समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "कळलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेलं एक, आणि मागे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, पीटीओला, मिळतं वेगळं. ब्लोअर पीटीओवर चालतो, बॉनेटवर नाही." मग पोराकडे वळून, "तापल्यावर किती ओढतो ते बोल. अर्धा तास चालू ठेव, मी हात लावून बघतो."

इतके सगळे सल्ले ऐकले, पण गरम झाल्यावर प्रोसेसर वेग किती पाडतो हे विचारणारे एकटे मामाच. पोराने एक व्हिडिओ लावून दिला. व्हिडिओने मशीन तापत नाही हे मी सांगेपर्यंत मामांनी तळाखाली हात घालून "थंड आहे" असा निकालही दिला होता.

शेवटी एचवाला प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि आणखी सोळा बसवायला एक रिकामा स्लॉट, असा एक सापडला. "स्लॉट आहेच हो" यावर विश्वास न ठेवता मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर पाहिलं. पातळ लॅपटॉपांत बहुधा रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. चालू करून दाखवला, तर ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज ४७६ दाखवत होतं. मामांच्या भुवया वर.

"छत्तीस कुठे गेले?"

बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने, असं मी सांगितलं.

"म्हणजे घट धरली," मामा म्हणाले. "आमचा व्यापारीही धरतो."

बिल आलं. मामांनी चष्मा लावून खालपर्यंत वाचलं. "सबसिडी किती ह्याच्यावर?"

"सबसिडी नाही मामा, उलट अठरा टक्के जीएसटी."

मामांनी बिल काउंटरवर परत ठेवलं आणि पोराला म्हणाले, "मग बॅग आणि माउस टाक त्यात. आणि बॅग जरा बरी बघून दे, ब्लोअरचा पार्टही त्यातच न्यायचाय."