खेड्यातल्या कॉलेजात कसलं आलंय संशोधन? असं म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की आमच्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खेड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली संशोधन केंद्रं आणि कंपन्यांशी केलेले करार हा नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेसाठी, मांडलेला देखावा आहे. ग्रामीण विदर्भात उद्योगच नाहीत, मग करार करायचा कोणाशी? पेटंटचे आकडे फुगवलेले असतात, मुलांच्या पदरात काही पडत नाही. तेव्हा हे सगळं बंद करा आणि तो पैसा प्लेसमेंटच्या तयारीवर लावा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. मेसेजमधलं जे खरं आहे ते मी नाकारणार नाही. पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मानला तर नुकसान आमच्याच तालुक्यांचं होईल.

‘उद्योगच नाहीत’ हे आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडची डेनिमची गिरणी आहे. खामगावात हिंदुस्तान युनिलिव्हरचा कारखाना आहे. चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि त्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागद, भंडाऱ्याकडे गडेगावला अशोक लेलँड, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी. आणि यांच्याही आधी मोजायला हवेत ते हिंगणघाट, वणी, पांढरकवडा इथले जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे कारखाने, आणि अकोल्याच्या डाळमिला. उद्योग म्हणजे काचेची इमारत आणि गळ्यात ओळखपत्र असं ठरवून बसलं, तर हे दिसणारच नाही.

जिनचंच सांगतो. तिथल्या डबल रोलर जिन यंत्रात चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर असतात. ते सुऱ्यांना घासत फिरतात आणि रुई ओढून नेतात; मधली हलती सुरी सरकी झटकून टाकते. सुरीचा दाब कमी पडला की काम घटतं. जास्त झाला की रोलर तापतो, चामडं लवकर झिजतं, मोटर वीज खाते आणि रुईलाही इजा होते. हा दाब बहुतेक ठिकाणी फिटर कानाने आणि हाताने लावतो. त्याचा अंदाज पक्का असतो, पण तो त्याच्यापाशीच राहतो. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एका जिनमध्ये मोटरच्या वायरीला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून दाब, करंट आणि कापसातली ओल यांच्या नोंदी हंगामभर ठेवायचं ठरवलं, तेव्हा तिथले फिटर काका मला म्हणाले, “सर, पोरं येतात, फोटो काढतात अन् जातात. हे तं रोज येतीन का?” पोरं आली. हंगाम सरता सरता काकाच त्यांना सांगत होते की दुपारी कापूस कोरडा पडला की आकडा बदलतो, तेव्हाही घ्या. कोणत्या ओलीला दाब किती, याचा त्या नोंदींतून निघालेला तक्ता त्यांनी मोटरच्या पेटीवर चिकटवला. माझ्या लेखी हे संशोधन आहे. त्याला लागलेली सामग्री म्हणजे एक मीटर, एक ओलमापक आणि रोज जाता येईल इतक्या अंतरावरचं कॉलेज.

पुढचं काम त्याच यंत्रात पडून आहे. रोलरचं चामडं क्रोमियमने कमावलेलं असतं, झिजताना त्याची भुकटी रुईत आणि हवेत मिसळते. क्रोमियम नसलेल्या रोलरवर सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या सरकारी संशोधन संस्थेने काम केलं आहे, आणि सिरकॉटचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर नागपूरलाच आहे. भागीदार शोधायला कुठे लांब जायचं?

‘खरं संशोधन पुण्या-मुंबईतच होतं’ असंही त्या मेसेजमध्ये एक वाक्य आहे. पीकेव्ही मिनी डाळमिल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. तुरीचं टरफल डाळीला डिंकाने घट्ट धरून असतं, ते डाळ न फोडता सोडवणं हा खरा तिढा. तो जिथे तूर पिकते तिथे सोडवला गेला आणि ते यंत्र बचत गटांपर्यंत पोचलं. सौर चरख्याचं काम वर्ध्याच्या एमगिरी या ग्रामीण उद्योगांसाठीच्या संस्थेत झालं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पंपाचं नोझल, थेंबाचा आकार, वाढलेल्या पऱ्हाटीतून अंगावर उलटणारा फवारा, हा थेट माझ्या विषयातला प्रश्न आहे. तो आमच्या कॉलेजांनी नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?

आता करार. इथे मेसेज बराचसा खरा आहे. सही, शाल, श्रीफळ, फोटो, आणि फाइल कपाटात, असे करार मी पाहिले आहेत. एका मोठ्या शहरातल्या कंपनीने आमच्याशी करार केला आणि नंतर काय पाठवलं, तर पैसे भरा नि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या असा प्रस्ताव. मला त्याची चीड आली होती, अजून आहे. पण नॅकसुद्धा नुसता करार मागत नाही, चालू असलेला करार मागते, त्याखाली झालेलं काम मागते. खोटे करार फाडावेत. पण त्यापायी चालणारे का फाडायचे? चालणारा करार ओळखू येतो. त्यात दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाचं नाव असतं, एक ठरलेलं यंत्र किंवा अडचण असते, नोंदी कोणाच्या मालकीच्या ते असतं, आणि मुलांचं एसटीचं भाडं कोण देणार हेही लिहिलेलं असतं. पालकांनी प्रवेशाच्या वेळी करारांची संख्या विचारू नये. एकच करार दाखवायला सांगावा, आणि त्याखाली मागच्या वर्षी काय झालं ते विचारावं.

पेटंटबद्दल मी वाद घालणार नाही. प्रकाशित झालेलं पेटंट, म्हणजे नुसता जाहीर झालेला अर्ज, आणि मंजूर झालेलं पेटंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळते, तेव्हा अर्ज वाढणारच. मंजूर किती आणि त्यातलं कोणी वापरतंय का, एवढंच विचारावं.

मुलांना काय मिळतं? आमची बरीच मुलं शेवटी पुण्यालाच जातात, त्यात गैर काही नाही. पण ज्याने जिनमध्ये उभं राहून नोंदी घेतल्या, त्याला मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल विचारलं तर तो सांगत राहतो, कारण ते त्याने केलेलं असतं. आणि कोणी गावातच वर्कशॉप टाकलं, तर त्याला पहिलं गिऱ्हाईक कुठून मिळेल हे आधीच ठाऊक असतं.

राहिलं ‘बंद करा’. ज्या यंत्रांवर मुलं शिकतात त्याच यंत्रांवर बाहेरची कामं होतात, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नसावं. आमच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळेत तालुक्यातले ठेकेदार काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे घेऊन येतात. सातव्या दिवशी एक चाचणी, अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी. एम-२० काँक्रीटचा ठोकळा २० न्यूटन दर चौरस मिलिमीटर दाब सोसतो का, ते तिथे कळतं. वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणली पाहिजे असा केंद्राचा २०२१ चा आदेश आहे, त्यामुळे राखेच्या विटाही तपासायला येऊ लागल्या आहेत. ही प्रयोगशाळा बंद झाली तर ठोकळे नागपूरला न्यावे लागतील. मोठा ठेकेदार नेईल. गावच्या शाळेची एक खोली बांधणारा नेणार नाही, आणि ती खोली न तपासलेल्या काँक्रीटची उभी राहील.