प्रतिक्रियेला उत्तर: दूध बिलाच्या कोडमध्ये लॅम्डा कुठे आणि लूप कुठे

सर, नमस्कार.

दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलासाठी मी जो जावास्क्रिप्ट कोड दिला होता, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. फिल्टर (नोंदी निवडणं), मॅप (प्रत्येक नोंद बदलून घेणं), रिड्यूस (सगळ्यांतून एक बेरीज काढणं) असा तीनदा अ‍ॅरे (नोंदींची यादी) फिरवल्याने वेग मरतो. लॅम्डा, म्हणजे या तिन्हींना जागच्या जागी लिहून दिलेलं छोटं फंक्शन, असलेला कोड डिबग करता येत नाही, त्यातली चूक शोधता येत नाही. आणि कोल्हापुरात राजारामपुरीत तुमच्या क्लासला येणाऱ्या मुलांना साधा फॉर लूप नीट जमायच्या आधीच ही फॅशन डोक्यात बसते. तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिले दोन मान्य नाहीत, आणि लूप खरोखर जिथे हवा ती जागा तुमच्या प्रतिक्रियेत आलेलीच नाही.

आधी वेग. करवीर तालुक्यातली ३०० सभासदांची संस्था धरा. सकाळ-संध्याकाळ संकलन, दहा दिवस, म्हणजे ६,००० नोंदी. एवढा अ‍ॅरे तीनदा फिरवायला साध्या लॅपटॉपलाही काही मिलिसेकंद पुरतात. लॅम्डामुळे प्रत्येक घटकामागे एक फंक्शन कॉल वाढतो आणि मधले अ‍ॅरे तयार होतात, हे खरं आहे. नोंदी लाखांत असतील आणि तेच काम सतत होत असेल, तर मीही सरळ एकच लूप लिहीन. पण बिलाचा प्रोग्रॅम रखडतो तो दरपत्रकापाशी. फॅट ३.० ते १०.० म्हणजे ७१ पायऱ्या, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.० ते ९.५ म्हणजे १६, मिळून १,१३६ दर. प्रत्येक नोंदीसाठी या यादीवर फाइंड (जुळणारा पहिला घटक शोधणं) चालवलं आणि सरासरी निम्मी यादी तपासली गेली, तर एका बिलाला ३४ लाखांवर तुलना होतात. हा शोध लूपमध्ये लिहा नाहीतर लॅम्डात, तुलना तेवढ्याच राहणार. त्यासाठी दरपत्रक एकदाच की-व्हॅल्यू स्वरूपात (फॅट-एसएनएफ ही की, दर ही व्हॅल्यू) भरून ठेवायचं, मग प्रत्येक दर एका फटक्यात मिळतो.

ती की बनवताना फॅटला दहाने गुणून, राउंड करून, पूर्णांकच घ्या. ३.० मध्ये तीनदा ०.१ मिळवलं की जावास्क्रिप्ट ३.३००००००००००००००३ देतं. मशीनकडून ३.३ फॅट आलं की त्याचा दर सापडत नाही, अनडिफाइंडला (किंमतच नसलेल्या जागेला) लिटरने गुणलं जातं आणि सभासदाच्या बिलावर रकमेच्या जागी नॅन (NaN, ‘संख्या नाही’) छापून येतं. संस्थेच्या सचिवांना त्याची उत्तरं द्यावी लागतात.

डिबगिंगचं थोडक्यात सांगतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये एकाच ओळीत लॅम्डातल्या बाणाच्या (=>) पुढच्या भागावर वेगळा ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवून बघायची खूण, लावता येतो. आणि चार ओळींचा लॅम्डा तिथल्या तिथे कोंबण्यापेक्षा तो कॉन्स्टमध्ये (न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवून त्याला नाव द्या. एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये (एररपर्यंत आलेल्या फंक्शनांच्या यादीत) अ‍ॅनॉनिमसऐवजी ते नाव दिसतं.

आता लॅम्डाची बाजू. शून्य लिटरच्या चुकीच्या नोंदी काढायच्या आहेत. फॉर लूपमध्ये स्प्लाइस केलं (मूळ यादीतूनच नोंद काढली) की तिसऱ्या जागेची नोंद जाते, चौथी सरकून तिसऱ्या जागी येते, आणि आय (लूपचा इंडेक्स, म्हणजे चालू जागेचा क्रमांक) मात्र पुढे चौथ्यावर जातो. शेजारी-शेजारी दोन शून्य असतील तर दुसरं तसंच राहतं. नोंदींच्या संख्येने भागून सरासरी फॅट काढत असाल, तर ती गुपचूप खाली येते. एरर येत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. उलटा लूप चालवून ती टाळता येते, पण फिल्टरमध्ये ती होऊच शकत नाही, कारण मूळ अ‍ॅरेला हात लागत नाही. एका यादीतून दुसरी यादी किंवा एक बेरीज काढायची, एवढंच काम असेल तर मी लॅम्डाच घेतो.

लूप हवा तो कपातीला. समजा बिल ४,२०० रुपयांचं आहे. क्रमाने पशुखाद्याचे ३,०००, उचलीचा हप्ता २,०००, विम्याचे ५०० कापायचे. पशुखाद्य कापल्यावर १,२०० उरतात, ते उचलीत वळते होतात, ८०० पुढच्या बिलावर जातात आणि इथे थांबायचं. फॉरईचमध्ये (प्रत्येक घटकासाठी दिलेला लॅम्डा चालवणं) ब्रेक लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते, आणि रिटर्न फक्त त्या फेरीपुरतं असतं. पुढची कपात चालूच राहते. रिड्यूसही मध्येच थांबत नाही. सम (some) किंवा एव्हरी (every), म्हणजे अट काहींना किंवा सगळ्यांना लागू आहे का ते तपासणाऱ्या मेथड, मध्येच थांबतात, पण त्यांच्या आत कपात लपवली तर पुढचा वाचणारा फसतो. इथे फॉर-ऑफ लूप (इंडेक्स न लिहिता एकेक घटक घेणारा) आणि स्पष्ट ब्रेक. मागच्या फेरीवर पुढची फेरी अवलंबून असेल किंवा अध्येमध्ये थांबायचं असेल, तर लूपच.

बिल झाल्यावर सभासदांना एसएमएस पाठवण्याचंही तसंच. फॉरईचला असिंक लॅम्डा (ज्याचं काम नंतर पूर्ण होतं असा) दिला की फॉरईच कुणाचीच वाट बघत नाही. ‘सगळे मेसेज गेले’ ही ओळ आधी छापली जाते, मेसेज जाणं नंतर पूर्ण होतं, आणि बाहेर लावलेल्या ट्राय-कॅचला (एरर पकडणाऱ्या कोडला) आतली एरर दिसतसुद्धा नाही. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १५ व्या आवृत्तीपासून अशी न पकडलेली एरर अख्खा प्रोग्रॅम बंद पाडते, म्हणजे अर्ध्या सभासदांना मेसेज जातात, अर्ध्यांना नाही. एकामागून एक पाठवायचे तर फॉर-ऑफमध्ये अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबणं) वापरा. एकदम पाठवायचे तर मॅप आणि प्रॉमिस-ऑल (सगळ्यांची एकत्र वाट बघणं) चालतं, पण एसएमएस सेवेची दर सेकंदाला किती मेसेज ही मर्यादा आधी तपासा.

मुलांना आधी फॉरच शिकवा, याला माझा पाठिंबा आहे. इंडेक्स कसा सरकतो हे हाताने केल्याशिवाय फिल्टर काय वाचवतं ते कळत नाही. पुढच्या तासाला त्यांना दोन गोष्टी करायला द्या. पाच नोंदींचा अ‍ॅरे, त्यात दोन शून्य शेजारी, आणि लूपमध्ये स्प्लाइस. दुसरी गोष्ट, मशीनमधून मजकूर म्हणून आलेले ‘१०’, ‘१०’, ‘१०’ हे तीन आकडे मॅपला थेट पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) देऊन बदलायचे. उत्तर १०, नॅन, २ येतं, कारण मॅप दुसरा आर्ग्युमेंट म्हणून इंडेक्स पाठवतो आणि पार्सइंट त्याला संख्यापद्धतीचा पाया समजतो: शून्य आला तर दशमान धरतो, एक चालत नाही, आणि दोनमध्ये ‘१०’ म्हणजे दोन. एकच आर्ग्युमेंट घेणारा छोटा लॅम्डा मध्ये घातला की तिन्ही आकडे बरोबर येतात.